उशिरा उलटलेलं पान

"कुठलं वाचू, बाई?" कमळनं मला विचारलं.

"कुठलंही," माझ्याऐवजी मुलाणी सर म्हणाले. "तुला आवडतं ते."

कमळनं पुस्तक उघडलं ते थेट बाजाराच्या धड्यावर. तेच उघडायचं ठरलं होतं. ती उभी राहिली, बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरू झाली. आजी आणि नातू बाजाराला निघतात, वाटेत नातू हरवतो, धापा टाकत परत येतो. कुठं थांबणं नाही, कुठं अडखळणं नाही. मोहितेबाई कौतुकानं मान डोलवत होत्या. मुलाणी सर भिंतीला टेकून ऐकत होते. जंगम गुरुजी खिडकीतून खाली धरणाच्या पाण्याकडं बघत बसले होते.

"आजी म्हणाली, आधी ओंजळभर पाणी पी," कमळ म्हणाली, "आणि मग बोल. नातू म्हणाला, आजी, मी हरवलो नव्हतो, तूच हरवली होतीस."

तेवढं म्हणून झाल्यावर तिनं पान उलटलं.

त्या पुस्तकात 'पाणी पी' इथं पान संपत होतं. पुढची दोन वाक्यं मागच्या बाजूला होती आणि पोरीनं ती पान उलटण्याआधीच म्हणून टाकली होती. मी पाहुण्यांकडं पाहिलं. मोहितेबाई अजून मान डोलवत होत्या. मुलाणी सर हसत होते. गुरुजी पाण्याकडंच बघत होते. मी सुटकेचा श्वास सोडला.

कमळला वाचता येत नव्हतं. चौथीतल्या अकरा मुलांपैकी सात जणांना येत नव्हतं. पंधरा दिवस घोकून घेऊन त्या सातही जणांकडून मी एक एक धडा पाठ करवला होता.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. मी तेव्हा उंबरशेंडच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. शाळा दोन शिक्षकांची, पाण्याच्या काठावर. मुलाणी सर, मोहितेबाई, जंगम गुरुजी आणि मी, आमच्या चार शाळा धरणाच्या फुगवट्याच्या चार कोपऱ्यांत होत्या आणि एकमेकींकडं जायचं तर लाँचनं. केंद्राच्या बैठकीला आम्ही दर महिन्याला जायचो. तिथं तक्ते भरायचे, आकडे सांगायचे, चहा प्यायचा आणि परतायचं. एकदा परतताना लाँचमध्ये जंगम गुरुजी म्हणाले होते, "आकडे सांगून झाले. आता शाळेविषयी कुठं बोलायचं?"

तिथून आमची 'पाळी' सुरू झाली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळची शाळा सोडून तिघांनी चौथ्याच्या शाळेत जायचं. ज्याची पाळी त्यानं मुलांना थोडं थांबवून घ्यायचं, आधी वर्ग दाखवायचा आणि मग आपलं एक 'अडलेलं' सांगायचं. चांगलं चाललंय ते सांगायचं नाही, ते दिसतंच. जे कार्यालयाच्या कागदावर लिहिता येत नाही, ते इथं सांगायचं. ऐकणाऱ्यांनी बाहेर बोलायचं नाही. भाकरी ज्यानं त्यानं आपली आणायची. एवढेच नियम. माझी ती पहिलीच पाळी होती.

माझं अडलेलं काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. डिसेंबर चालू होता. एप्रिलनंतर ही मुलं पलीकडच्या हायस्कुलात पाचवीला जाणार होती. आदल्या वर्षी आमची दोन मुलं अशीच कच्ची गेली आणि दिवाळीपर्यंत घरी येऊन बसली. त्यातली एक कमळची थोरली बहीण. आता ती गुरं राखत होती. कमळचंही तेच होणार, हे मला दिसत होतं.

पण सांगणार कोणत्या तोंडानं? दुसरीपासून या वर्गाला मीच होते. बोट दाखवायला दुसरं कुणी नव्हतं. लहान मुलांना शिकवावं तर उतेकरबाईंनी, असं केंद्रात म्हणत. आणि सप्टेंबरच्या तक्त्यात 'सर्व मुले वाचतात' या रकान्यासमोर माझी सही होती.

म्हणून मी पाहुण्यांसाठी दुसरंच अडलेलं तयार ठेवलं होतं.

मुलांना खिचडीला सोडून आम्ही चौघं वर्गातच बसकरांवर बसलो. भाकऱ्या सोडल्या. मुलाणी सरांनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं.

"बाई, पाळीच्या दिवशी यजमानानं तरी खर्डा आणावा. ही भेंडी बघून माणूस खरं बोलायचं तेही विसरेल."

"तुम्ही कधी बोललात खरं?" मोहितेबाई म्हणाल्या. "मागं म्हणालात घरनं अंडी आणतो."

"कोंबडीनं शब्द मोडला, मी नाही."

गुरुजी हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हं, बाई. सांगा. काय अडलंय?"

मी घसा साफ केला. "पलीकडच्या वाडीची मुलं उशिरा येतात. लाँच पावणेअकराला लागते. प्रार्थना चुकते, पहिला तास बुडतो."

"किती मुलं?" गुरुजींनी विचारलं.

"तशी... दोन."

मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणीही हसलं नाही. तिघंही विचारात पडले.

मुलाणी सर म्हणाले, "चंदरदादा लाँच कुठनं सोडतो पहिली?"

"आमच्या धक्क्यावरनं," मोहितेबाई म्हणाल्या. "साडेनऊला. मग दुधाच्या किटल्यांसाठी थांबतो."

"किटल्या आधी भरून ठेवल्या तर?"

"मी दूधवाल्यांशी बोलते. त्यातल्या तिघांची पोरं माझ्याच शाळेत आहेत. आणि चंदरदादाची बायको माझ्या बचत गटात आहे, तिला सांगते. तो तिचं ऐकतो."

"लागलंच तर त्या दोघांना मी माझ्या बाजूनं आणून सोडीन," मुलाणी सर म्हणाले. "अर्धा तास आधी उठलो तर माझंही भलंच होईल."

तासभर ते माझी लाँच लवकर आणत होते. मोहितेबाईंनी वहीच्या मागच्या पानावर पाण्याचा नकाशा काढला, धक्के मांडले, वेळा लिहिल्या. जी अडचण नव्हतीच ती सोडवायला तीन माणसं घाम गाळत होती आणि मी "हो, हो, बरोबर" म्हणत होते. एकदा वाटलं, ओरडून सांगावं, थांबवा हे. पण मी नकाशावर वाडीचा धक्का दाखवत राहिले.

शेवटी सगळं ठरलं. चंदरदादाला वीस मिनिटं आधी निघायला लावायचं. मोहितेबाईंनी वही मिटली. "सुटलं बाई तुमचं अडलेलं."

"सुटलं," मी म्हणाले.

जंगम गुरुजींनी भाकरीचं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. त्यांचं वय सत्तावन्न. मे महिन्यात निवृत्त होणार होते. बोलणं असं सावकाश, की मुलं त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी खेळून परत येतील, असं मुलाणी सर म्हणत.

"वेळ आहे अजून लाँचला," गुरुजी म्हणाले. "पाळी माझी नाही. पण माझं एक सांगू का?"

"सांगा की."

"मागच्या महिन्यात माझ्या शाळेत जमलो होतो. मी तुम्हाला काय अडलेलं सांगितलं होतं?"

"वानरं," मोहितेबाई म्हणाल्या. "परसबागेतली वांगी खातात."

"हं. ते खोटं होतं." गुरुजी जमिनीकडं बघत म्हणाले. "म्हणजे ते माझं अडलेलं नव्हतं. माझ्या चौथीतल्या पाच मुलांना वाचता येत नाही. तोंडपाठ म्हणतात, अक्षर ओळखत नाहीत. एवढी वर्षं नोकरी झाली, सहा महिन्यांनी हार घालून घ्यायचा, आणि ही पाच पोरं तशीच राहिली. सांगायची लाज वाटली. म्हणून वानरं सांगितली."

मोहितेबाईंना ठसका लागला, त्यांनी पदर तोंडाला लावला.

मुलाणी सर एकदम उसळले. "गुरुजी! अहो, तासभर आम्ही वानरांवर बोललो! माझ्या घरातली गोफण आणून दिली मी तुम्हाला! माझ्या आज्याची गोफण!"

"गोफण चांगली आहे," गुरुजी म्हणाले.

"गोफणीचं नाही हो! तुम्ही आम्हाला... तुम्हीच हा नियम केलात ना, अडलेलं सांगायचं म्हणून? मग आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

"बरोबर आहे तुमचं," गुरुजी म्हणाले. "चुकलं माझं."

त्या सावकाश माणसानं मान खाली घातलेली मला बघवेना. बाहेर मुली ताटल्या घासत होत्या. कमळ मोठमोठ्यानं बाजाराचा धडाच म्हणत होती. तिला त्याची गोडी लागली होती. 'आणि मग बोल. नातू म्हणाला...' ताटली घासता घासता, पुस्तकाशिवाय, न चुकता.

"गुरुजी," मी म्हणाले, "माझी सात आहेत."

तिघांनी माझ्याकडं पाहिलं.

"आत्ता जिनं वाचून दाखवलं ना, ती कमळ. तिला एक ओळ वाचता येत नाही. पंधरा दिवस मी पाठ करून घेतलंय. सातही जणांकडून. तक्त्यावर मी सही केली आहे, सगळी मुलं वाचतात म्हणून. लाँचचं काही अडलेलं नाही. ती दोन पोरं प्रार्थना चुकली म्हणून काही बिघडत नाही." आणि मग मला रडू आलं. वर्गात, मुलांच्या बसकरावर बसून, तीन मुख्याध्यापकांसमोर.

मला वाटत होतं, आता मुलाणी सर माझ्यावरही उसळतील. ते उठले, माठातून तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"तुमची सात, माझी पाच," गुरुजी म्हणाले. "बारा झाली. बारा पोरांचा चांगला वर्ग होतो. बाई, वही उघडा. आता खरं बसू."

मोहितेबाईंनी नकाशाचं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर मला सात नावं लिहायला लावली.

"या पोरांना काय वाचता येतं?" गुरुजींनी विचारलं.

"काहीच नाही."

"असं नसतं. लाँचवरचं नाव येतं? बिस्किटाच्या पुड्यावरचं? स्वतःचं नाव?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं शिकवून मला माहीत नव्हतं. गुरुजींनी कमळला हाक मारली. ती ओले हात परकराला पुसत आली.

"आज भाजी काय होती गं घरी?"

"न्हाय भाजी. कालवण हुतं. माशाचं."

"कुणी धरला मासा?"

"आबानं. लई मोठा हुता."

गुरुजींनी तेच फळ्यावर लिहिलं. आबानं मोठा मासा धरला. "हे तू बोललीस. आता यात आबा कुठाय, दाखव."

कमळ फळ्याकडं बघत राहिली. मग बोट ठेवलं. बरोबर होतं. "आन् ह्यो मासा," ती स्वतःहून म्हणाली. मग थोडं थांबून, "ह्यो 'मा' माझ्या मामाच्या नावात हाय."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं आणि खडू माझ्या हातात दिला.

पुढचे चार महिने आम्ही असेच शिकवत गेलो. मुलं बोलायची, मी तेच चिठ्ठीवर लिहायची, मुलं आपलंच बोलणं वाचायची. मग चिठ्ठीचे शब्द कापून, उलटेसुलटे करून पुन्हा जुळवायची. दर बुधवारी मुलाणी सर आपला वर्ग सोबतच्या शिक्षकाकडं सोपवून यायचे आणि माझी पहिली-दुसरी घेऊन बसायचे, म्हणजे मला त्या सात जणांना तास देता येई. मोहितेबाईंच्या मुलांनी माझ्या मुलांना पत्रं लिहायला सुरुवात केली, एका ओळीचं एक पत्र. ती चंदरदादा बिस्किटाच्या डब्यात घालून आणायचा. त्याला आता खरंच वीस मिनिटं आधी निघायची सवय लागली होती. बायकोनं लावली होती.

पण खरी कळ फिरली ती गुरुजींच्या त्या पाच मुलांनी.

मी एकदा वर्गात सहज म्हणाले होते, "पलीकडं गुरुजींच्या शाळेतही पाच मुलं आहेत. त्यांनाही वाचायला जमत नाही."

कमळनं डोळे मोठे केले. "आमच्यावानी?"

"हो."

"मंग त्यांना कोन शिकिवतं?"

"गुरुजी."

"गुरुजी म्हातारं हायती," कमळ म्हणाली. "आपुन चिठ्ठ्या धाडूया का?"

आजवर या सात जणांना कुणी काही विचारलं नव्हतं. आता त्यांना काम मिळालं. ज्या मुलांना वाचायला यायचं नाही अशा मुलांना समजेल असं लिहायचं, म्हणजे अक्षर मोठं काढायचं, शब्द सोपा घ्यायचा. एखादं अक्षर येत नसलं तर ती मला धावत विचारायला यायची, कारण चिठ्ठी लाँचच्या आधी व्हायला हवी. पलीकडून उत्तरं यायची. वेडीवाकडी अक्षरं, कुठं काना लांब, कुठं वेलांटी पडलेली. कमळ ते वाचायची आणि मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडायची. "लई कच्ची हायती बाई अजून. पुन्यांदा लिवाया पायजे."

मीही प्रत्येक साहित्य दोनदा करायची, सात माझ्यासाठी आणि पाच गुरुजींसाठी. खरं सांगायचं तर त्या पाचांमुळं मला उभं राहता आलं. गुरुजींसारखा माणूस जिथं अडतो तिथं आपण अडलो तर काय, असं वाटायचं. आणि त्यांना आपला उपयोग होतोय, याचंही बरं वाटायचं.

मार्चच्या तक्त्यात मी 'सात मुले वाचू लागली आहेत' असं लिहिलं. केंद्राच्या साहेबांनी विचारलं, मग सप्टेंबरमध्ये काय होतं? मी म्हणाले, सप्टेंबरमध्ये मी खोटं लिहिलं होतं. त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी दिला.

जुलैत मी पलीकडच्या हायस्कुलात गेले. कमळ पाचवीच्या दुसऱ्या बाकावर होती. मला बघून हात हलवला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. त्यांच्या वर्गशिक्षिकेला मी म्हणाले, "माझी सात कच्ची आहेत, जरा सांभाळून घ्या. आणि जंगम गुरुजींची पाच."

"कच्ची? वाचतात की. हळू वाचतात एवढंच," त्या म्हणाल्या. "पण गुरुजींची पाच कुठली? त्यांच्याकडून तर तीनच आली. त्यांच्या चौथीत तीनच मुलं होती."

"तीन?"

"हो. आणि कच्ची कसली हो, वर्गात पहिली आहेत. अक्षर बघा एकेकाचं."

त्यांनी वही दाखवली. मोत्यासारखं अक्षर. मी ते बघत राहिले.

गुरुजींच्या शाळेत चारही वर्ग एका खोलीत बसत. कोण तिसरीतलं, कोण चौथीतलं, पाहुण्याला कळायचं नाही. पण मुलाणी सरांचं गाव गुरुजींच्या शाळेला लागून होतं. त्यांना कळायला हवं होतं. पुढच्या पाळीला धक्क्यावर उतरल्या उतरल्या मी त्यांना गाठलं.

"गुरुजींच्या चौथीत किती मुलं होती, सर?"

मुलाणी सरांनी पाण्याकडं पाहिलं. "आज वारा आहे, नाही?"

"तीन होती. तिघंही वाचत होती. तुम्हाला माहीत होतं."

"त्यातली एक माझी पुतणी," ते म्हणाले.

"मग त्या दिवशी एवढे चिडलात का?"

"मी चिडलो नसतो तर तुम्हाला खरं वाटलं असतं का, बाई? आधी काही ठरलं नव्हतं हो. गुरुजी 'पाच' म्हणाले आणि मला कळलं, म्हातारा काहीतरी करतोय. मोहितेबाईंनी तर पदर तोंडाला लावला होता. तुम्हाला वाटलं ठसका."

"आणि ती उत्तरं? ती वेडीवाकडी अक्षरं?"

"ती गुरुजी लिहायचे. डाव्या हातानं. मला म्हणाले, सर, या वयात पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटतं."

मग मुलाणी सर म्हणाले, "वानरं मात्र खरी होती. तेच त्यांचं अडलेलं होतं. आणि माझी गोफण अजून परत आलेली नाही."

त्या रविवारी मी गुरुजींच्या घरी गेले. ते ओसरीवर बसून दोडक्याच्या शिरा काढत होते. खुंटीला गोफण अडकवली होती. काकूंनी चहा ठेवला. मी सोबत तो बिस्किटाचा डबा नेला होता, चिठ्ठ्यांनी भरलेला. तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं.

"गुरुजी," मी म्हणाले, "तुमच्या चौथीत तीनच मुलं होती."

"हो का?" ते म्हणाले. "वय झालं की मोजण्यात चूक होते."

वाटेत मी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. आयुष्यभराच्या नावलौकिकावर पाणी सोडून, ज्यांना आपल्या शाळेचा अभिमान वाटायला हवा होता त्या माणसांसमोर मान खाली घालून, तुम्ही मला वाट काढून दिलीत, असं काहीतरी. त्याऐवजी मी दोडका हातात घेतला आणि शिरा काढू लागले.

ताट अर्धं भरल्यावर गुरुजींनी विचारलं, "कमळ कशी आहे?"

"बरी आहे. दुसऱ्या बाकावर बसते. मोठं पुस्तक वाचते आता."

"वा," ते म्हणाले. हातातला दोडका ताटात ठेवला, दुसरा उचलला, आणि वर न बघता विचारलं, "पान वेळेवर उलटते ना?"